बुवांच्या चिजा

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं, हे चौथीतल्या बाई शिकवत होत्या. पुढं पाचवीत मी गेलेच नाही, त्यामुळं ते अर्धवट राहिलं. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाताला लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. थोरल्या मुलीच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. ओळी वाकड्या जातात, त्याला इलाज नाही.

लिहायचं आहे आईबद्दल. आणि बुवांबद्दल, कारण बुवांना सोडून आईचं सांगताच येत नाही.

माझं माहेर जळोची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ती विकून थोडी जमीन केली. आई रोज सकाळी चालत बारामतीला धुण्याभांड्याला जायची. तिची तीन घरं होती. तिसरं घर म्हणजे नुसती एक खोली होती, गुळाच्या पेठेमागच्या बोळात, शिंप्याच्या दुकानावर. लाकडी जिना चढून जायचं. तिथं बुवा राहायचे.

बुवा गाण्यातले मोठे माणूस. पुण्यामुंबईकडं त्यांचं नाव होतं, त्यांनी रचलेली गाणी रेडिओवर लागायची, हे मला फार उशिरा कळलं. जन्म इंदापूरचा. तरुणपण नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव गेलं. लग्न केलं नाही, आणि थकल्यावर बारामतीत येऊन राहिले. मला ठाऊक होते ते बुवा म्हणजे उंच, वाळलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बशीतून फुंकर घालत चहा पिणारे. मी आईबरोबर जायची आणि जिन्यावर बसायची. वरून बुवा विचारायचे, "पायऱ्या मोजल्यास का गं?" मी म्हणायची, "तेरा." ते म्हणायचे, "काल चौदा होत्या. एक कुणी नेली?" रोज हेच. आणि मी रोज पुन्हा मोजायची.

त्यांना दिसत नव्हतं म्हणून लिहिता येत नव्हतं, आणि विसरायचेही फार. सकाळी काही सुचलं की ते खुर्ची ओढून मोरीपाशी येऊन बसत. आई तिथं भांडी घासत असायची. "बाई, ऐक हां. नीट ऐक." मग गुणगुणायला लागायचे. आईचे हात चालूच. राख, काथ्या, पितळी पातेलं. दोन-तीन वेळा ऐकलं की आई घासता घासता तेच परत म्हणायची. संध्याकाळी केर काढायला गेली की बुवा विचारायचे, "सकाळी मी काय म्हणत होतो?" आई म्हणून दाखवायची. कधी ते नुसतं "हां" म्हणायचे. कधी म्हणायचे, "हे मी म्हटलेलं नाही. पण माझ्यापेक्षा बरं झालंय, असंच राहू दे."

"तुमचं तुमी ठिवा की ध्यानात," आई म्हणायची.

"माझं ध्यान म्हणजे फुटकं मडकं. तू माझी तिजोरी."

कुणी भेटायला आलं की बुवा त्यांनाही सांगायचे, "माझ्या चिजा सगळ्या त्या बाईकडं आहेत." जिन्याखाली मशीनवर बसलेले शिंपी तात्या ते ऐकायचे. आणि तात्यांनी ऐकलं म्हणजे पेठेनं ऐकलं.

आता मला माहीत आहे की गाणारे लोक गाण्यालाच चीज म्हणतात. तेव्हा माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, ती त्याला 'बुवांचं म्हणणं' म्हणायची. आमच्यात चीज म्हटलं की चीजवस्त. सोनंनाणं, चांदीची भांडी. चोर येतो तो चीजवस्त न्यायला.

मी बारा-तेरा वर्षांची असताना बुवा गेले. पुण्याहून पुतण्या आला. खोलीत दोन धोतरं, एक तंबोरा आणि औषधाच्या बाटल्या निघाल्या. "एवढंच?" त्यानं तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "चिजा त्या भांडीवालीकडं हायत, असं बुवाच म्हणायचं." पुतण्या तंबोरा घेऊन निघून गेला. पण पेठेत व्हायचं ते झालं. महिन्याभरात आईची उरलेली दोन्ही घरं सुटली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. एकीनं सांगितलं, आता सूनच करते. दुसरीनं तर काही कारणच दिलं नाही.

आणि एक गोष्ट खरी होती. आमच्या घरात, ज्वारीच्या कणगीत, बुवांचं चांदीचं फुलपात्र होतं. आई म्हणायची, बुवांनीच दिलं, तुझ्या लग्नाला म्हणून. देताना तिसरं माणूस नव्हतं. माझं लग्न सणसरला ठरलं तेव्हा आईनं ते मोडून माझी जोडवी आणि पैंजण घडवले. तेव्हा मी काही विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र रात्रंदिवस मनात यायचं. दिलंच होतं ना? दिलं नसेल तर? त्यापुढचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारत नव्हते.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. बारामतीत तेव्हा चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या. बाजाराच्या दिवशी मी सणसरहून अंडी आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन यायची. शेंगा खपल्या की एकदा त्या बोळातून जाऊन यायचं, ही माझी सवय. कशाला ते मलाही सांगता आलं नसतं. नुसतं बोळातून जायचं, जिन्याकडं बघायचं आणि एसटी गाठायची.

त्या दिवशी बोळ माणसांनी भरला होता. वीस-पंचवीस जण, बायकांच्या डोक्यांवर टोप्या, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, पायांत बूट. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. पण सगळे वर बुवांच्या खिडकीकडं बघत होते, आणि पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बोलत होते. त्यांना सगळे सर म्हणत. ऐकता ऐकता कळलं की ही पुण्याची गाण्याची माणसं आहेत. बुवांचं आयुष्य जिथं जिथं गेलं तिथं तिथं पायी फिरत होती. सकाळी इंदापुरात बुवा जन्मले ती गल्ली आणि भजनाला बसायचे ते देऊळ पाहिलं होतं. मग एसटीनं बारामतीला येऊन, कंपनीचा तंबू पडायचा ते मैदान आणि बुवा पहाटे आवाज लावायचे तो कऱ्हेचा घाट पाहून इथं आली होती.

मी भिंतीला टेकून शेंगांची रिकामी पाटी पोटाशी धरून उभी राहिले. बुवांबद्दल कुणी इतक्या आदरानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. सर म्हणाले, "या खोलीत बुवांनी शेवटची वर्षं अगदी एकाकी काढली. त्यांचं ऐकायलाही इथं कुणी नव्हतं."

आई होती की, असं माझ्या ओठांवर आलं. बोलले मात्र नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. अजूनही येत नाही.

बोलले तात्या. म्हातारे झाले होते, पण मशीन तिथंच होतं. "कुनी न्हवतं कसं? भांडीवाली व्हती की! समद्या चिजा तिच्याकडंच." आणि चष्म्यावरून बघत त्यांनी मला हेरलं. "अगं ये, भिताडाला पाल चिकटल्यावानी काय हुबी ऱ्हायलीस? ये म्होरं. ही बघा, तिचीच लेक."

सगळी माणसं वळली. सर पुढं आले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "तुमच्या आईंकडे होत्या बुवांच्या चिजा? अहो, आम्ही कित्येक वर्षं शोधतोय त्या. शेवटच्या चिजा गेल्या कुठं, कुणालाच पत्ता नाही."

"आई न्हाय आता," मी म्हणाले.

"अरेरे. पण तुमच्याकडे असतील ना?"

माझ्या पायांत जोडवी होती. मी पाय लुगड्यात ओढून घेतले. खोटं बोलायला हवं होतं, पण तेही मला जमत नाही. "हायत," मी म्हणाले.

"आम्हाला द्याल?"

"देईन. पर एकदम न्हाय व्हायचं. थोडं थोडं करून देईन."

सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "थोडं थोडंच द्या! तुमच्या सवडीनं. आम्हाला कसलीच घाई नाही." आणि त्यांनी पत्ता लिहून दिला. मागच्या बायका कौतुकानं हसत होत्या. गेलेली चांदी इतकं गोड बोलून मागणारी माणसं मी कधी पाहिली नव्हती. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. इतकी चांगली माणसं, आणि त्यांच्या बुवांच्या घरातलं आमच्या आईनं...

पुढच्या महिन्यापासून मी मनिऑर्डर करायला लागले. अंड्यांचे आणि खुरपणीचे मिळून पन्नास रुपये बाजूला काढायचे आणि गावच्या पोस्टातून पाठवायचे. घरी सांगितलं नाही. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असते, तिथं मी लिहिलं, 'चिजेचा पहिला हप्ता.' पोस्टमास्तरांनी वाचून माझ्याकडं पाहिलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या हप्त्यानंतर सरांचं कार्ड आलं. 'आपली देणगी पोचली. मंडळ आपलं आभारी आहे.' मी ते कितीतरी वेळा वाचलं. मला वाटलं, मोठी माणसं चोरीला चोरी म्हणत नसतील, देणगी म्हणत असतील. तिसरा गेला, चौथा गेला. दर हप्त्याला आईचं नाव थोडं थोडं धुतलं जातंय, असं वाटायचं. पातेलं एका बाजूनं उजळत जातं तसं.

पाचव्या हप्त्यानंतर पत्र आलं, चांगलं पाकिटातून. 'ताई, आपण पैसे पाठवता, पण आम्हाला पैसे नकोत. आम्हाला फक्त चिजा हव्या आहेत. येत्या रविवारी आम्ही पुन्हा इंदापूरला बुवांच्या जन्मघरापासून फिरणार आहोत. कृपा करून चिजा घेऊन यावं.'

म्हणजे वस्तूच पाहिजे. बरोबर होतं त्यांचं. बुवांच्या हातची वस्तू ती, तिला पैसे कसे पुरतील? फुलपात्र तर मोडलेलं. मग राहिलं काय? मी पैंजण काढून रुमालात बांधले. वजनाला ते कमी भरणार, हे दिसत होतं. नवरा जिवंत असताना बाईनं जोडवी काढू नयेत, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? बाजारातून खोटी जोडवी आणली, ती घातली आणि खरी रुमालात ठेवली.

दोन दिवसांत खोट्या जोडव्यांनी बोटं हिरवी पडली. आमचे मालक उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, दुपारी जेवायला घरी आले होते. मी भाकरी वाढायला वाकले तर म्हणाले, "तुजी बोटं का हिरवी? पायानं मेथी निवडतीस का काय?"

मी पाय मागं घेतले. त्यांनी वाकून पाहिलं. "जोडवी कुटं हायत?"

मग सगळं सांगावं लागलं. बुवा, फुलपात्र, मनिऑर्डरी, पत्र. ते हात तसाच ताटात ठेवून ऐकत होते. मला वाटलं आता ओरडतात. ते म्हणाले, "तुजी आई हितं ऱ्हायला आली की जाताना पिशवी उलटी करून झटकून दावायची. मला लाज वाटायची. आज कळलं का करायची ते." मग पाणी पिऊन म्हणाले, "रविवारी मी बी येतो. बाईच्या पायातलं मागणारा मानूस दिसतो तरी कसा, बगू दे की."

इंदापुरात बुवांचा जन्म झाला ते घर आता दुसऱ्यांचं आहे. पुढं अंगण, अंगणात नळ, आणि नळावर घरातली बाई भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. टोप्यावाली माणसं सावलीला उभी होती. मला पाहताच सर लगबगीनं आले. "आल्या! ताई आल्या! चिजा आणल्यात ना?"

मी रुमाल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी गाठ सोडली आणि पाहतच राहिले. "हे काय?"

"पैंजण आन् जोडवी. फुलपात्राचीच हायत. घडताना तूट आली आसंल, म्हनून कमी भरत्याल."

मालक पुढं झाले. "सर, तुमचं तुमी मोजून घ्या. काय कमी पडलं तर मी भरतो. पर हितनं म्होरं हिच्या आईचं नाव कुनी काढायचं न्हाय."

सर ओट्यावर बसले. रुमाल मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, चीज म्हणजे गाणं हो. बुवांनी रचलेलं गाणं. आम्ही गाणी मागत होतो."

पहिला आवाज मालकांचा. "गानं? आन् हितं बायकू पाय उघडं करून आली व्हय!" असं म्हणून ते हसायला लागले, आणि मग सगळ्यांनाच हसू आवरेना. मी पदरात तोंड घातलं. मला हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच कळत नव्हतं.

सरांनी विचारलं, "पण मग, आईंकडची गाणी? तुम्हाला येतात का?"

"न्हाय," मी म्हणाले. इतकी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, मला माझं नावसुद्धा आठवलं नसतं. कुठं लपावं कळेना, म्हणून नळावरच्या बाईजवळ जाऊन बसले. हाताला काहीतरी हवं म्हणून तिच्यापुढचं पातेलं ओढलं.

"अवो ठिवा, पाव्हण्या तुमी," ती म्हणाली.

"असू द्या."

राख घेतली, काथ्या घेतला. पाठ सगळ्यांकडं. पातेल्याचं बूड घासायला लागले आणि हाताबरोबर आईचा आवाज माझ्या घशात आला. मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. आई जशी अर्ध्या आवाजात म्हणायची तसंच ते यायला लागलं. एक पातेलं झालं, तांब्या घेतला, तर त्याच्याबरोबर दुसरं आलं. मागं टोप्यावाली माणसं कधी जवळ येऊन खाली बसली, मला कळलं नाही. नळावरच्या बाईनं नळ बंद केला आणि माझ्यापुढं एक एक भांडं सरकवायला लागली. घासलेलंच परत देत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

एकदा सरांनी थांबवलं. "पुन्हा म्हणा बरं तेवढं. बासन मांजत, पुढं काय?"

"बासन मांजत भोरबाई."

"भोर भई. म्हणजे पहाट झाली. भांडी घासता घासता पहाट झाली."

"आई म्हणायची, ही भोर गावची बाई हाय. ती बी भांडी घासायची, म्हनून बुवांनी तिच्यावर म्हणणं केलंय." लहानपणी मी त्या भोरच्या बाईबद्दल किती विचारायची आईला. तिला पोरं किती, तिच्या घरी मेंढरं हायत का. आई सगळं सांगायची.

माणसं हसली. सरही हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. "भोरची नसेल," ते म्हणाले. "पण बाईवरच केलंय."

नऊ गाणी निघाली. दोन अर्धी होती. त्या दिवशी त्यांचं पुढचं फिरणं झालंच नाही. एका टोपीवाल्या बाईनं माझी खोटी जोडवी काढून खरी घातली, पैंजण अडकवले. मी नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही.

निघायच्या वेळी मी सरांना बाजूला घेतलं. इतकं बोलून झालं होतं, तरी तेच एक राहिलं होतं. "सर, गान्यांचं झालं. पर फुलपात्र? ते बुवांनी दिलं व्हतं, का..."

सरांनी खोटा धीर दिला नाही. "मला माहीत नाही, ताई. मी तिथं नव्हतो," ते म्हणाले. मग त्यांनी पाकीट काढलं. "पण तुमचे पैसे आमच्याकडे आहेत, आणि ते ठेवले तर तुमच्या आईंनी फुलपात्र न विचारता घेतलं, असं आम्ही मान्य केल्यासारखं होईल. मला ते मान्य नाही. म्हणून यातला एक पैसाही मी ठेवू शकत नाही."

मी हात मागं घेतला. मालक म्हणाले, "घे. आईसाठी घे."

ओट्यावर सरांनी पन्नासाच्या पाच नोटा एकेक करून ठेवल्या. मी त्या उचलल्या.

"मनिऑर्डरीचं कमिशन ऱ्हायलं," मालक म्हणाले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. पण सर गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. तेही आलंच त्यात." पाच वेळचं मिळून साडेबारा रुपये होत होते. दहाची नोट निघाली, दोनाची निघाली, वरचे आठ आणे कुणाकडंच सापडेनात. मी म्हणाले, राहू द्या. सर म्हणाले, राहू देऊन कसं चालेल? सगळी पुण्याची माणसं खिसे आणि पर्सी चाचपायला लागली. शेवटी नळावरची बाई हात पुसत घरात गेली, देवघरातून आठ आण्याचं नाणं घेऊन आली आणि सरांच्या हातावर ठेवलं. सरांनी ते माझ्या हातावर ठेवलं, तेव्हा पैसे पुरते फिटले.